मागितलेला मरवा

विमलताई, सोसायटीच्या कमानीला तुझा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली अख्ख्या भावकीची नावं, आणि मधोमध तू, गोरीपान. इतकी गोरी तू जन्मात नव्हतीस. ते जाऊ दे, फ्लेक्सवर आपल्या भागात सगळेच गोरे होतात. पण तो फोटो मी काढलेला आहे, आपल्या गच्चीवर, आणि त्यात तुझ्या अंबाड्यात मरव्याची काडी होती. फ्लेक्सवाल्यानं ती पुसून टाकली. मी कंपनीच्या बसमधून उतरले ती तशीच त्याच्या दुकानात गेले. म्हणाला, "मॅडम, केसात काहीतरी अडकलं होतं, क्लीन करून दिलं." म्हटलं, "अडकलं नव्हतं हो, खोवलं होतं." त्याला काही कळलं नाही.

तू गेल्यापासून हे असंच चाललंय बघ. जो तो तुला पुसून चकाचक करतोय. भजनी मंडळाच्या बायका म्हणतात, विमलताई स्वभावानं शांत होत्या. शांत! आपल्या बागवाल्यांच्या ग्रुपवर तर तू 'निसर्गप्रेमी' झालीस, 'पर्यावरणदूत' झालीस, एकानं तुला 'देवमाणूस' केलं. मी चाकणला गाड्यांचे पार्ट तपासते, तुला माहीतच आहे. चुकीचा माल माझ्या हातून पुढे जात नाही. म्हणून हे लिहायला बसले. तू शांत नव्हतीस, देवमाणूस तर अजिबात नव्हतीस. तू चोर होतीस, आणि त्याचा तुला अभिमान होता.

आपली ओळखच मुळी चोरीतून झाली. मी तेव्हा ग्रुपवर नवीन होते. 'काडी-कुंडी' हे नाव आवडलं म्हणून शिरले होते. कुणाचा पुदिना पिवळा पडलाय, कुणाच्या कोथिंबिरीला मावा लागलाय, कुणी ओल्या हळदीचा फोटो टाकून नुसतीच वाहवा मागतंय, असला सगळा कारभार. त्यात एक 'व्ही' नावाची बाई होती. चेहऱ्याच्या जागी ओव्याचं पान, आणि टाइप करणं म्हणजे पाप असल्यासारखे नुसते व्हॉइस मेसेज. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत आणि ही बाई सगळ्यांना शहाणपण शिकवतेय. मला तो आवाज पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.

माझा गवती चहा पार्किंगमध्ये आमच्या भिंतीला लागून होता. कुंड्यांतल्या रोपांना मी कंपनीतल्यासारखे पिवळे टॅग बांधायचे. पार्टबद्दल शंका आली की आम्ही पिवळा टॅग लावतो, म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही. एक दिवस शिफ्टवरून येऊन बघते तर चहाचा अर्धा गड्डा गायब! थोड्या वेळानं ग्रुपवर फोटो: 'व्ही'च्या कुंडीत गवती चहाचा नवा गड्डा, आणि पात्याला लटकलेला माझा पिवळा टॅग. निदान टॅग तरी सोडवायचा गं! मी लिहिलं, "हा माल माझा आहे. चोर कोण?" लगेच तुझा आवाज आला, "चोर कोन म्हनं! चोरल्याबिगर काडी लागत न्हाई बाई. इचारून आनली की सुकती." आणि तुझ्या आवाजामागे भंगारवाल्याचं रेकॉर्डिंग वाजत होतं. तेच रेकॉर्डिंग माझ्या खिडकीखाली अजून चालू होतं.

बाहेर येऊन मान वर केली तर डी विंगच्या कठड्यावरून हिरवी पाती डोकावत होती. इतके दिवस मी कधी वर बघितलंच नव्हतं. जिना चढून गच्चीवर आले तर तू फतकल मारून माती कालवत बसलेली. हातात सोन्याच्या पाटल्या आणि पाटल्यांना शेणखत. मी म्हटलं, "लाज नाही वाटत?" तू वर बघून म्हणालीस, "आलीस व्हय? बस. तुझाच चहा तुला पाजते." मग आपण जे भांडलो, ते पहिल्या पाच वाक्यांत अगं-तुगंवर आलो आणि तिथंच राहिलो. तू माझ्यापेक्षा इतकी मोठी, पण पुन्हा 'अहो विमलताई' म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

त्याच भांडणात मी विचारलं होतं, "गच्ची सगळ्यांची आहे. एवढी मांडामांड कुणाला विचारून केलीस?" तू खुरपं बाजूला ठेवलंस. "कुनाला इचारू? तू ज्या फ्लॅटमधी ऱ्हातीस ना, तितं माझी शेपू व्हायची. पार्किंगखाली आमची विहीर हाय. बिल्डरनं रान घेतलं, बदल्यात फ्लॅट दिलं. फ्लॅटमधी काय पेरू मी? फरशीवर?" मग हात झटकून म्हणालीस, "म्हनून रान उचललं आन वर आनलं." मी धाराशिवकडची, नोकरीसाठी या गावात आलेली. माझ्या स्वयंपाकघराच्या जागी कुणाचं तरी शेत होतं हे मला पिंपळे गुरवात इतकी वर्षं राहून कुणी सांगितलं नव्हतं.

लोक तुला मागे 'गुंठेवाली बाई' म्हणायचे, तुला ते ठाऊक होतं. पोराकडे मोठी गाडी, स्वतःच्या नावावर फ्लॅट, आणि सकाळी फिरायला निघालीस की दर दुसऱ्या बंगल्याच्या कुंपणातून एक काडी पदरात. मी एकदा बरोबर आले होते. तू एका फाटकापाशी थांबलीस, इकडेतिकडे पाहिलंस, आणि पांढऱ्या सदाफुलीची फांदी अशी सफाईनं मोडलीस की कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मला घाम फुटला. "चल की," म्हणालीस, "उभी काय ऱ्हातीस, सामील हायस तू."

पण तुझ्याकडून काडी न्यायची असेल तर? तिथं तुझा कायदा होता. कुणी मागितली तर तू कानावर हात ठेवायचीस. "मागू नगंस, मेली ती. मी पाठ करते, तू तोड." आणि खरंच पाठ करून पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी राहायचीस, पदर डोक्यावर घेऊन. समोरच्यानं तोडून पिशवीत घातली, जिना उतरला, की मग वळायचीस आणि मोठ्यानं ओरडायचीस, "अगं बया! माझा पुदिना कुनी नेला!" जिन्यातल्या माणसाला ऐकू जाईल असं. थँक्यू म्हणायची तर कुणाची बिशाद नव्हती. थँक्यूनं काडी जळते म्हणे.

मी यावर तुझ्याशी शेवटपर्यंत भांडले. अगं, काडी जगते ती मातीवर, पाण्यावर, उन्हावर. तिला काय कळतं कोण चोर आणि कोण साव? मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं, अंधश्रद्धा पसरवू नका म्हणून. निम्मा ग्रुप माझ्या बाजूनं, निम्मा तुझ्या. तुझं उत्तर एका ओळीचं: "रेखाताईंचा मरवा कसा हाय, इचारा." आणि खाली सगळ्यांचे हसण्याचे चेहरे. कारण मरवा मी तुझ्याकडून दर वेळी रीतसर मागून नेला, हातात देशील तरच नेईन म्हणून हटून बसले, आणि दर वेळी तो माझ्याकडे आठवड्यात मान टाकायचा. माती बदलली, जागा बदलली, तरी तेच. गवती चहा तू चोरलास तो तुझ्याकडे माजला, आणि मी मागितलेला मरवा मेला. याला मी योगायोग म्हणते. अजूनही योगायोगच म्हणते.

तुळशीवरून तर आपलं दर आठवड्याला. आम्ही बौद्ध, आमच्याकडे तुळस काढ्यासाठी. मला सुट्टी रविवारी, मला सर्दीही रविवारीच गाठायची. तू म्हणायचीस रविवारी तुळस मोडायची न्हाई. मी म्हणायचे, मग तिला सांग सोमवारी माझी फर्स्ट शिफ्ट असते. तू शनिवारीच पानं तोडून, फडक्यात बांधून माझ्या दाराला अडकवायला लागलीस. वर व्हॉइस मेसेज: "दाराला कायतरी घान अडकलीय, बघ." मी काढा करून प्यायचे, आणि ग्रुपवर भांडण पुढे चालू ठेवायचे.

आता तुला देवमाणूस म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. तू रोपं मारायचीसही भरपूर. रावेतच्या त्या बाईनं हौसेनं पाठवलेली रोजमेरी तू पाणी घालून घालून कुजवलीस. "पोटात आग पडल्यासारखी दिसती, पाजते जरा," म्हणत दिवसातून तीनदा पाजलीस. ग्रुपवर सगळे सांगत होते की तिला कोरडं आवडतं. तू म्हणालीस, "तिला काय आवडतं ते ती मला सांगंल." तिनं मरून सांगितलं. त्या दिवशी तू जेवली नाहीस, हेही मला माहीत आहे.

मला कंपनीनं ब्रेक दिला होता ते आठवतं? कॉन्ट्रॅक्टवाल्यांना देतात तसा, उद्यापासून येऊ नका, कळवू. मी घरात पडून होते. फोन बंद, कुंड्या वाळलेल्या. तू आलीस, बेल न वाजवता दार बडवलंस. मला वाटलं आता धीर देणार, डोक्यावरून हात फिरवणार. तू म्हणालीस, "माझ्या हळदीला माती लावायची हाय, मानूस न्हाई. चल." रोज तेच. आज गुळवेल कठड्यावर चढवायची, उद्या अडुळसा छाटायचा. मी चिडून म्हटलं होतं, "मी काय तुझी गडीण आहे?" तू म्हणालीस, "व्हय." कंपनीतून परत बोलावणं आलं तोवर माझ्या हाताला घट्टे पडले होते आणि रात्रीची झोप लागत होती. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही. तुझ्यापुढे कुणी थँक्यू म्हणूच शकत नव्हतं, तू सोयच ठेवली नव्हतीस. आणि आता मागाहून म्हणणार नाही. जळेल काहीतरी.

दवाखान्यातलं शेवटचं भेटणं मात्र जसं झालं तसंच सांगते, कारण लोक विचारतात, "शेवटी काय बोलल्या हो?" डोळे पुसायला तयार होऊन विचारतात. छातीत पाणी झालेलं, नाकात नळी, आणि तू मला विचारलंस, "मरवा लागला का?" मी म्हटलं, "नाही. मेला." तू इतकी हसलीस की सिस्टर धावत आली. "इचारून नेलास ना? मग!" दम लागला तरी बोलायचं थांबली नाहीस. "रानाला पानी घाल गं." मी म्हटलं, "तुझं रान, तू घाल. घरी ये आणि घाल." तू डोळे वटारलेस. "बघते तुझ्याकडं." झालं, एवढंच. लोक म्हणतात शेवटचं गोड बोलावं. आपण नाही बोललो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. गोड बोलले असते तर तुला कळलं असतं की मी घाबरलेय.

पाणी मी घालतच होते. तेवढं तुला सांगितलं नव्हतं.

दहाव्याला पवनेच्या घाटावर आले होते. मी यातलं काही मानत नाही, तुझ्यासाठी आले. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर दोन-तीन बसलेले, पण खाली यायला तयार नाहीत. मग सुरू झालं सगळ्यांचं. तुझा संदीप म्हणाला, "आई, तुझ्या नातीचं शिक्षण चांगलं करू." तुझी जाऊ म्हणाली, "कुलदैवताला जाऊन येऊ गं सगळी." कुणी म्हणालं अन्नदान करू. कावळे ढिम्म. काय झालं कोण जाणे, माझ्याच तोंडून मोठ्यानं निघालं, "विमलताई, गच्ची सोडणार नाही!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता या गोष्टीत कावळा झपकन उतरला पाहिजे, नाही का? नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. जिवंतपणी तू कुणाचं ऐकलं नाहीस, तर आता बरी ऐकशील! पण मी बोलले ते बोलले. साक्षीला सगळी भावकी होती.

घरी येते तर सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस. वरच्या मजल्यांत गळती आहे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय, तरी रविवार संध्याकाळपर्यंत सर्व कुंड्या हटवाव्यात, अन्यथा टेम्पो बोलावून उचलण्यात येतील. आणि खाली जाड अक्षरात, यापुढे गच्चीवर कुंड्या ठेवण्यास कायमची बंदी. गळती आहे, मान्य. ते काम व्हायलाच पाहिजे. पण ही 'कायमची' कुठून आली? तू होतीस तोवर या चेअरमनला ती लिहायचं धाडस नव्हतं. तू गेलीस आणि लगेच त्यांना कंठ फुटला.

मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हणाले, "रेखाताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण आता त्या बागेला वाली कोण? त्यांच्या मुलानंही हरकत नाही म्हटलंय." मी संदीपकडे गेले. त्याचा चेहरा उतरलेला होता, त्याच्यावर ओरडावंसं वाटलं नाही. म्हणाला, "मावशी, मला वर जायलाच होत नाही. आईच नाही तर कुंड्यांचं काय करू? न्या कुणाला पाहिजे तर." त्याची आई गेलीय. त्याला काय बोलू? पण घाटावर बोलले होते मी, आणि रविवार समोर उभा होता.

त्यात आपल्या बागवाल्या ग्रुपचा तमाशा. ॲडमिन प्रसादनं, तोच तो मारुंजीचा, कॉम्प्युटरवाला, ग्रुपच्या फोटोला काळी फीत लावली. चार दिवस नुसते जोडलेले हात आणि मेणबत्त्या. कुणीतरी सुचवलं, ताईंच्या स्मरणार्थ ऑनलाइन श्रद्धांजली सभा घेऊ. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "फीत काढा. मेणबत्त्या बंद करा. रविवारी डी विंगची गच्ची रिकामी करायची आहे. ज्याला विमलताईची आठवण येते त्यानं चोरी करायला यावं. कुणी काही मागायचं नाही, थँक्यू म्हणायचं नाही. मी पाठ करून उभी असेन." प्रसादनं विचारलं, "पण ताई, घरच्यांची ऑफिशियल परमिशन आहे ना?" मी म्हटलं, "चोरीला परमिशन मागतोस? काय शिकलास रे तिच्याकडून?" मग त्यानं फीत काढली आणि ओव्याचं पान लावलं.

रविवारी सकाळपासून माणसं यायला लागली. वॉचमननं खालून फोन केला, "ताई, ही कोन मान्सं हायेत? नाव इचारलं तर हसत्यात." म्हटलं, "चोर आहेत. वर सोडा." आणि टाकीकडे तोंड करून उभी राहिले, तुझ्यासारखी, ओढणी डोक्यावर घेऊन. विमलताई, पाठ करून उभं राहणं किती अवघड आहे गं! तू हे कसं करायचीस? मागे कुजबुज, कुंड्या सरकल्याचे आवाज, कुणी पान चुरगळून वास घेतंय. चाकणहून माझ्याच लाइनवरची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, तिनं ओली हळद नेली. कुणीतरी पुदिना चक्क हेल्मेटमध्ये नेला. प्रसादनं लॅपटॉपच्या बॅगेत ब्राह्मी घातली, ते मला चिखलाच्या वासावरून आणि बॅगेच्या चेनच्या आवाजावरून कळलं. जिन्यात पावलं वाजली की मी ओरडायचे, "अगं बया! माझा अडुळसा कुनी नेला!" पहिल्यांदा ओरडले तेव्हा आवाज फाटला. नंतर जमलं.

रावेतची ती रोजमेरीवाली आली होती. तुला तिनं कधी बघितलेलं नाही. तिला तुळस हवी होती आणि वार रविवार. ती दबक्या आवाजात म्हणाली, "ताई म्हणायच्या रविवारी मोडायची नाही..." मी टाकीला म्हटलं, "मोडू नका. कुंडीसकट उचला." तिनं कुंडी कडेवर घेतली आणि जिन्यात बसून रडली. कुणीतरी फोनवर तुझा मेसेज लावला, बारीक आवाजात: "लई पानी घालू नगा रोपांना. मी घालते, ती गोष्ट येगळी." सगळे हसले. मी हसले नाही. मी त्या टाकीच्या काळ्या प्लॅस्टिककडे बघत ढसाढसा रडले, आणि पाठ केलेली असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. तू पदर डोक्यावर का घ्यायचीस ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी चेअरमन वर आले. गच्चीवर मातीचे गोल डाग तेवढे उरलेले. खूश झाले. "वा, सहकार्याबद्दल आभारी आहोत." मी म्हटलं, "आभार मानू नका, चोरी झालीय. आणि केमिकल वाळलं की मी ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन हे सगळं परत चोरून आणणार आहे." ते कसंनुसं हसले. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. निळा ड्रम, त्यात तुझा कढीपत्ता, माझ्या डोक्याच्या वर गेलेला. तो कोण चोरणार? चार माणसांना हलत नाही. "हे पण काढावं लागेल," ते म्हणाले. "उद्या माणसं येऊन तोडतील." मी ड्रमाला टेकून बसले. "तोडा. आधी मला उचला."

आणि तेवढ्यात, मी शपथेवर सांगते, त्यांच्या मिसेस वर आल्या. गाऊनवर ओढणी, हातात वाटी, खाली फोडणी थांबलेली. आल्या, नवऱ्याला ओलांडून गेल्या, कढीपत्त्याचे दोन तुरे ओरबाडले, आणि मग आमच्याकडे बघितलं. "काय झालं?" मी म्हटलं, "साहेब हे झाड तोडतायत." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि मी रोज पोह्यात काय घालू? ठराव?" त्यांनी जिन्यातूनच खालच्या मजल्यांना हाका मारल्या. एकेक बाई वर आली. विमलताई, अख्खी बिल्डिंग त्या ड्रमावर जेवत होती गं! एकही कधी विचारून तोडायची नाही, आणि तुला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी वॉटरप्रूफिंगवाल्यांनी पहारी घालून ड्रम विटांवर चढवला, खालून केमिकलचा हात मारला आणि गेले. ठराव अजून कागदावर आहे. ड्रम गच्चीवर आहे.

आणि मरवा. तो त्या रविवारी कुणीच नेला नव्हता. सगळे गेल्यावर मी वळले तर ड्रमाशेजारी ती फुटक्या कडेची कुंडी तशीच, एक पानही न तुटलेली. ग्रुपला आपलं भांडण पाठ होतं ना. माझ्यासाठी ठेवून गेले होते, बघू आता ही काय करते म्हणून. मी कुंडीपाशी बसले. वास तुझ्या मानेचा येत होता. मला चोरायचं नव्हतं. इतकी वर्षं भांडले आणि आता तू समोर नाहीस म्हणून हार मानू? मी चांगलं खणखणीत आवाजात विचारलं, "विमलताई, मरव्याची एक काडी नेऊ का?"

टाकीत पाणी पडत होतं. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तू हो म्हणाली नाहीस. मी पुन्हा विचारलं, "नेऊ का गं?" तू काहीच बोलली नाहीस. मग मी ती मोडली आणि खाली आणून लावली.

लागलीय ती. आज सकाळी शेंड्याला दोन पानं फुटलीत, बारीक, तुझ्या त्या वटारलेल्या डोळ्यांइतकी आगाऊ. मी म्हणते, मागितली होती, दोनदा मागितली होती, आणि तरी जगली, म्हणजे माझं खरं. तू म्हणशील, मी दिली कुठं होती? न देता नेलीस, म्हणजे चोरलीस, म्हणून जगली. ये, भांड. ग्रुपवर मी टाकलेलं नाही अजून. एकटीनं जिंकण्यात मला रस नाही, आणि तुझ्याशिवाय हरण्यातही नाही.

मरव्याची ती फुटक्या कडेची कुंडी वरच ठेवलीय, ड्रमाच्या सावलीला. शिफ्टवरून आले की पाणी घालते, बेतानं. अंबाड्यात खोवायला तुला लागेल. मागू नकोस, तुला जमणारही नाही. पाणी घालून झालं की मी टाकीकडे तोंड करून थोडा वेळ पाठ करून उभी राहते.